खाज परत येते ती गोठ्यातून

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी, आर्वी, कारंजा या पट्ट्यात कुत्र्याला काम असतं. संत्र्याच्या बगिच्यात रात्री रानडुक्कर शिरलं किंवा तुरीत रोही उतरले, की जागलीवरच्या माणसाआधी तो भुंकतो. दिवसा तो गवळाऊ गाईंच्या गोठ्यात, बंडीखाली नाहीतर पऱ्हाटीच्या ढिगाच्या सावलीत पडलेला असतो. घरात आलाच तर ओसरीपर्यंत. त्याचं जगणं शेत, गोठा आणि ओसरी यांत वाटलेलं आहे. त्याच्या कातडीचा आजारही या तिन्ही ठिकाणी पसरलेला असतो. उपचार मात्र एकट्या कुत्र्यावर होतो.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. मृगाचे दोन पाऊस झाले की कुत्रा शेपटीच्या मुळाशी दातानं कुरतडायला लागतो. केस जातात, कातडी लाल होते, रात्रभर पाय आपटल्याचा आवाज येतो. कोणीतरी इंजेक्शन देतं. आठ-दहा दिवस कुत्रा शांत झोपतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. तिसऱ्या खेपेला मालक हात टेकतो, "त्याले काही लागूच पडत नाही." औषध बहुतेक वेळा लागू पडलेलं असतं. जे औषधाच्या आवाक्यात नव्हतं ते तसंच राहिलेलं असतं. अंडी जमिनीत असतात, किडा शेजारच्या कुत्र्यावर असतो, किंवा खाजेचं कारण कोणी शोधलेलंच नसतं. परत येणारी खाज हा दर वेळी नवा आजार नसतो. पहिलाच आजार अर्धवट सुटलेला असतो.

आधी त्या इंजेक्शनाबद्दल. लगेच गुण देणारं इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. खाज पिसूमुळे असो, ॲलर्जीमुळे असो की खरजेमुळे, शरीराची दाहाची प्रतिक्रिया दाबली की ती थांबते. योग्य निदान झाल्यावर, थोड्या दिवसांसाठी आणि मोजून दिलं तर स्टेरॉइड उपयोगी औषध आहे आणि कुत्र्याचे हाल खरोखर वाचवतं. पण कारण न शोधता महिन्या-दोन महिन्यांनी तेच टोचत राहिलं, तर कुत्रा जास्त पाणी पितो, जास्त लघवी करतो, पोट सुटतं, कातडी पातळ होते आणि जंतुसंसर्गाला आयतं रान मिळतं. एका प्रकारच्या खरजेत तर स्टेरॉइड आगीत तेल ओततं. त्या खरजेकडे पुढे येतोच.

पावसाळ्यातल्या खाजेचं पहिलं कारण म्हणजे पिसवा. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढरा कागद ओला करून जमिनीवर ठेवावा आणि कुत्र्याला त्यावर उभं करून कमरेवरचे केस उलटे विंचरावेत. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण कागदावर पडतात. मातीचा कण ओल्या कागदावर काळाच राहतो. पिसवेच्या विष्ठेचा असेल तर मिनिटभरात त्याच्याभोवती तांबूस वलय पसरतं, कारण ती विष्ठा म्हणजे कुत्र्याचंच वाळलेलं रक्त असतं. एकही पिसू हाती लागली नाही तरी हे वलय पुरेसा पुरावा आहे. आणि ती हाती न लागणं साहजिकच आहे, कारण खाजणारा कुत्रा चाटून-चावून बऱ्याच पिसवा गिळून टाकतो. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी आहे, त्याला तर मोजके चावेसुद्धा बरेच दिवस खाजवत ठेवायला पुरतात.

पिसवेची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा अंग झाडतो, कूस बदलतो, उडी मारतो तिथे ती गळतात. त्यातून निघणाऱ्या बारीक अळ्या उजेडापासून लांब पळतात आणि भेगांत, पोत्यांखाली, चाऱ्याच्या चुऱ्यात जाऊन मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर वाढतात. मग त्या कोष विणतात. कोषाला धूळ आणि माती चिकटून त्याचा रंग जमिनीसारखाच होतो. फवारलेलं कीटकनाशक त्याच्या आत पोहोचत नाही. कोषातली पिसू आठवड्यांनी बाहेर येऊ शकते, तशी कित्येक महिने वाटही पाहू शकते. ऊब, हालचाल आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की जनावर जवळ आलं हे तिला कळतं आणि ती बाहेर उडी घेते. बंद पडलेला गोठा उघडल्याबरोबर पायांना पिसवा चावतात त्या यामुळे. एकूण हिशेब केला तर अंगावर दिसणारी पिसू हा सगळ्या वस्तीचा विसाव्याच्या आसपास भाग असतो. उरलेला सगळा कारभार जमिनीवर चालतो.

आष्टीकडचा उन्हाळा या बाबतीत आपल्या बाजूनं असतो. मे महिन्याच्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या उन्हात उघड्या अंगणातल्या अळ्या तग धरत नाहीत. पण गोठ्याचा अंधारा कोपरा, पाण्याच्या टाक्याजवळची ओल, बंडीखालची सावली तिथे त्या टिकतात. मग पाऊस येतो, हवेत दमटपणा वाढतो, आणि जी वस्ती कोपऱ्यात जीव धरून होती ती पुन्हा पसरते. म्हणून खाजेचा उपचार खरं तर मे महिन्यातच सुरू करावा असं माझं ठाम मत आहे. कुत्रा झोपतो ती पोती उन्हात टाकावीत, जुनी झाली असतील तर जाळून टाकावीत. गोठ्याचे कोपरे खरडून झाडावेत, केर बाहेर फेकण्याऐवजी पेटवावा, भेगा लिंपून घ्याव्यात. ओसरीवरची चादर कडक पाण्यात धुवावी. आणि कुत्र्याला पिसवांचं औषध सुरू केलं की निदान तीन महिने न चुकता चालू ठेवावं, कारण कोषातून नवी पिढी येतच राहणार. पहिल्या महिन्यात पिसवा दिसल्या म्हणून औषध फसलं असं होत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध हवं. मात्र मांजराला कुत्र्याचं औषध कधीही लावू नये. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

गोचिडाची तऱ्हा वेगळी. गाई-बैलांच्या अंगावरच्या गोचिडी सहसा दुसऱ्या जातीच्या असतात. कुत्र्यावर प्रामुख्यानं तपकिरी गोचीड येते आणि ती भिंतीवर चढते. पिल्लू, तरुण आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत ती एकेकदा कुत्र्याचं रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरून फटीत शिरते. पोट भरलेली मादी हजारोंनी अंडी घालते, तीही चौकटीच्या सांध्यात, कौलाखाली, विटांच्या खाचांत. त्यामुळे नुसती जमीन झाडून भागत नाही, भिंतीकडेही पाहावं लागतं. अंगावरची गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात बुडवावी. खाजेपेक्षा मोठं भय तिनं आणलेल्या तापाचं असतं. एर्लिकिया, बॅबेसिया हे रक्तातले जंतू तिच्यामार्फत येतात. गोचिडी झालेला कुत्रा जेवण सोडून पडून राहिला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, तर खाज बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता खरूज, जिला आपल्याकडे लूत म्हणतात आणि जी दिसली की कुत्र्याला गल्लीतून हाकलतात. या एका नावाखाली दोन अगदी वेगळे आजार मोडतात. पहिला सारकोप्टिस नावाच्या किड्याचा. याच किड्याच्या माणसावरच्या जातीमुळे माणसाला खरूज होते, हे जिओव्हानी बोनोमो या इटालियन वैद्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १६८७ साली लिहून ठेवलं होतं. मादी कातडीत बोगदा खणते आणि त्यात अंडी घालत पुढे सरकते. कानाच्या कडा, कोपरं, घोटे, पोट इथे आधी केस जातात आणि जाड खपल्या धरतात. खाज इतकी की कुत्रा खाताखाता थांबून खाजवतो. कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून चोळली आणि त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, तर खरजेचा संशय बळावतो. हा आजार झपाट्यानं पसरतो. घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावरही लाल पुळ्या येतात. कुत्र्यावरचा किडा माणसावर वंश वाढवू शकत नाही, म्हणून कुत्रा बरा झाला की त्या सहसा आपोआप जातात.

दुसरा आजार डेमोडेक्सचा. हा किडा लांबट, चिरुटाच्या आकाराचा असतो आणि केसांच्या मुळाशी राहतो. पिल्लाला तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईच्या दुधाला लुचतानाच मिळतो आणि बहुतेक कुत्र्यांवर थोड्या संख्येनं आयुष्यभर बिनबोभाट नांदतो. रोगप्रतिकारशक्ती ढिली पडली की तो माजतो. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर टकलाचे ठिपके उठतात आणि सुरुवातीला खाज जवळजवळ नसते. हा शेजारच्या कुत्र्याला लागत नाही. लहान पिल्लाचे एक-दोन ठिपके पुष्कळदा आपोआप भरून येतात. पण अशा कुत्र्याला स्टेरॉइड दिलं, तर किड्याला रोखून धरणारी शक्तीच दबते आणि दोन ठिपक्यांचं सगळं अंग होतं. मघाशी म्हटलेली खरूज ती हीच.

दोन्हींत फरक करायचा तर कातडी खरवडून पाहावी लागते. डॉक्टर बोथट पात्याला तेलाचा थेंब लावतात, कातडी चिमटीत दाबतात आणि रक्ताचे सुईच्या टोकाएवढे थेंब दिसेपर्यंत खरवडतात, कारण डेमोडेक्स खोल बसलेला असतो. काचपट्टीवर तो शेकड्यानं दिसतो. सारकोप्टिस मात्र खरवडूनही अनेकदा सापडत नाही. म्हणून लक्षणं जुळत असली तर काच कोरी दिसूनही डॉक्टर उपचार सुरू करतात. त्या पाच मिनिटांच्या तपासणीचा आग्रह मालकानं धरला पाहिजे, तिच्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक ही काही दुर्मीळ वस्तू नाही.

खरजेवरचं गावोगाव माहीत असलेलं औषध आयव्हरमेक्टिन. जपानी मातीतल्या एका जिवाणूपासून ते आलं आणि त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चा नोबेल मिळाला. औषध मोठंच, पण गुरांसाठीच्या बाटलीत ते दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं आणि एक मिलिलिटर पन्नास किलो वजनाच्या जनावरासाठी असतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला अंदाजानं सिरिंज भरली तर तो कितीतरी पट डोस होतो. शिवाय कोली आणि त्या कुळातल्या काही जातींत, त्यांच्या संकरातही, मेंदूला या औषधापासून राखणारी यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असू शकते. त्यांना खरजेसाठी लागणाऱ्या मात्रेतही झटके, आंधळेपणा, बेशुद्धी येते. अलीकडे अफोक्सोलानेर, फ्लुरालानेर ही तोंडानं द्यायची औषधं आली आहेत. ती पिसवा, गोचीड आणि दोन्ही प्रकारची खरूज यांवर चालतात. एकाचा असर महिनाभर, दुसऱ्याचा बारा आठवड्यांच्या आसपास. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली या गटाबद्दल झटक्यांचा इशारा दिला आहे, त्यामुळे फिट येणाऱ्या कुत्र्याबाबत डॉक्टरांना आधी सांगावं. गोळी महाग वाटते. पण वर्षभरात टोचलेली इंजेक्शनं आणि वाया गेलेली मलमं एकत्र धरली, तर ती बहुधा स्वस्तच पडते.

कापूस आणि संत्र्याच्या या मुलुखात सर्वांत घातक सवय एकच आहे. फवारणीचं उरलेलं औषध कुत्र्याच्या अंगावर चोळलं जातं. घरात बाटली असतेच, झाडावरचे किडे मरतात तर कुत्र्यावरचेही मरतील, असा साधा विचार त्यामागे असतो. किडे मरतातही. पण कुत्रा अंग चाटतो आणि खाजवून सोललेल्या कातडीतून विष थेट आत जातं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सत्तर किलोच्या माणसाला जे झेपलं नाही ते पंधरा किलोच्या कुत्र्याला झेपणार नाही. तोंडाला फेस, लाळ, अंगाला कंप, बारीक झालेल्या बाहुल्या, सैल पाय ही चिन्हं दिसली, तर हातमोजे घालून भांडी घासायच्या साबणानं त्याला धुवावं आणि बाटलीसकट डॉक्टरांकडे न्यावं. बाटलीवरच्या नावावरून उतारा ठरतो.

ट्रॅक्टरचं जळकं ऑइल हा दुसरा उपाय. त्याच्या थरानं काही किडे गुदमरत असतील, पण त्यातली विषारी रसायनं आणि धातूंचे अंश चाटण्यातून पोटात जातात आणि कातडी भाजते ती वेगळीच. रॉकेलचंही तेच. सगळे जुने उपाय मात्र टाकाऊ नाहीत. गंधक खरजेचा किडा खरोखर मारतो आणि पशुवैद्यकात त्याची द्रावणं आजही वापरतात. कडुनिंब आणि करंज तेलानं किडे काही वेळ दूर राहतात, सोललेल्या कातडीवर मात्र ते झोंबतं. भरलेली खरूज नुसत्या कडुनिंबाच्या पाण्यानं जात नाही आणि त्या आशेवर गेलेला महिना कुत्र्याला भोगावा लागतो.

किडा मेला तरी खाज राहते, याचं एक कारण मागे उरलेला संसर्ग. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसाहून पातळ असतो आणि तिचा सामू उदासीनाकडे झुकलेला. खाजवून फुटलेल्या जागेत कातडीवरचेच जिवाणू आणि मॅलासेझिया नावाचं यीस्ट वाढतं. पिवळ्या डोक्याच्या पुळ्या, गोल कडा सुटलेल्या खपल्या, हाताला लागणारा तेलकटपणा आणि आंबूस वास ही त्याची खूण. क्लोरहेक्झिडीनचा शाम्पू यावर चांगला चालतो. तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यावा लागतो, लावला आणि लगेच धुतला तर काहीच होत नाही. आपला अंगाचा साबण त्याला वापरू नये. प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या असतील तर पुळ्या दिसेनाशा झाल्या म्हणून मनानं बंद करू नयेत. अर्ध्यावर सोडलेला संसर्ग परततो आणि पुढच्या वेळी चिवट झालेला असतो. गजकर्णावर माणसं मेडिकलमधून बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेलं मलम आणतात आणि तेच कुत्र्यालाही लावतात. त्यानं लाली उतरते आणि बुरशी पसरत जाते.

किडे गेले, संसर्ग गेला आणि तरी कुत्रा पंजे चाटतो, काखा खाजवतो, तोंड जमिनीवर घासतो, कान वारंवार दुखतात. मग ॲलर्जीचा विचार करायचा. इथल्या कुत्र्याचं जेवण म्हणजे दूध-पोळी, ताक, कधी कोंबडीचं उरलंसुरलं. अन्नाच्या ॲलर्जीत वारंवार सापडणाऱ्या पदार्थांत दूध, गहू आणि कोंबडी आहेतच. याची परीक्षा एकच, निदान आठ आठवडे त्यानं पूर्वी न खाल्लेलं अन्न देणं. नेहमी दूध-पोळी खाणाऱ्याला बटाटा आणि बकऱ्याचं मटण चालेल, तिखट-मसाल्याशिवाय. त्या काळात पोरांनी टाकलेला बिस्किटाचा तुकडाही नको, आणि हेच सर्वांत अवघड जातं. खाज उतरली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं. ती परतली की निदान पक्कं. अन्नानं फरक पडला नाही, तर धूळ, धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण यांची ॲलर्जी उरते. ती साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं काढते आणि जन्मभर सोबत करते. ती मुळापासून जात नाही, पण आवरता येते. अंग धुणं, पिसवा पूर्ण आटोक्यात ठेवणं आणि गरजेला ओक्लासिटिनिबसारखं खाजेचा निरोपच अडवणारं औषध एवढ्यावर कुत्रा सुखानं जगतो.

सोय अगदीच नाही असं नाही. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, १९६२ या नंबरावर फिरत्या पथकाची सेवा आहे, आणि गुंतागुंतीच्या केससाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना मागच्या चिठ्ठ्या आणि औषधांची रिकामी खोकी बरोबर न्यावीत. खाज कोणत्या महिन्यात सुरू झाली, अंगावर कुठून सुरू झाली, घरात आणखी कोणाला खाजतं, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, या चार गोष्टींवर निम्मं निदान होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या एकदम थांबवू नयेत, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरवाव्यात. आणि कुत्रा खाजवायचा थांबला तरी ठरलेली खेप चुकवू नये. डेमोडेक्सचा उपचार केस भरून आल्यावर संपत नाही. महिन्याच्या अंतरानं दोनदा खरवडून काचपट्टी कोरी आली, की मगच औषध बंद करायचं असतं.